आजीचे विमान किती तासांचे?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला ‘लांबचा प्रवास’ हा विषय दिला. मी स्वतः मुंबईच्या पुढे कधी गेले नाही. पण माझी आजी मार्गशीर्ष महिन्यात मुंबईहून अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात गेली. माझी आत्या तिकडे राहते. आत्याला बाळ होणार होते, म्हणून आजीला बोलावले. आजीने यापूर्वी फक्त एसटी, रेल्वे आणि बैलगाडी यांतूनच प्रवास केला होता. तिच्या या प्रवासाचे गणित आम्ही घरी चुकवले होते. ते शाळेत कसे दुरुस्त झाले, ते मी या लेखात सांगणार आहे.

१. तिकिटावरचे कोडे

आत्याने तिकीट फोनवर पाठवले. अण्णांनी ते वाचले. मुंबईहून निघण्याची वेळ रात्री १.३०. न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी ७.००.

मी लगेच वजाबाकी केली. सात वजा दीड, साडेपाच. मी ओरडले, “आजी, फक्त साडेपाच तास!”

आजी म्हणाली, “एवढ्यात पोचतंय व्हय इमान? मग मुंबईलाच का आठ तास बसायचं?”

आमच्या गावाहून मुंबईला जायला एसटीला आठ तास लागतात. आजीचे म्हणणे ऐकून सगळे हसले. पण खरे सांगायचे तर आजीची शंकाच बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना सांगितले की, अमेरिका साडेपाच तासांवर आहे. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, “येतानाच्या तिकिटावर काय लिहिले आहे, ते पाहिलेस का?”

मी घरी जाऊन पाहिले. न्यूयॉर्कहून निघण्याची वेळ दुपारी १२.००. मुंबईला पोहोचण्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०. म्हणजे साडेचोवीस तास! जाताना साडेपाच आणि येताना साडेचोवीस? वाट तर एकच आहे. माझे डोके चालेना.

बाई म्हणाल्या, “आधी अंतर मोजू, मग वेळ मोजू.”

२. दोऱ्याने अंतर मोजणे

आजीने बाळासाठी दुपटी आणि गोधडी शिवली होती. तिचा उरलेला लाल दोरा मी शाळेत नेला. शाळेच्या कपाटात पृथ्वीगोल आहे. बाईंनी आम्हांला तीन मोजमापे करायला सांगितली.

पहिले मोजमाप : पृथ्वीगोलाच्या मधोमध, म्हणजे विषुववृत्तावरून, दोरा गुंडाळला. तो ९६ सेंटिमीटर भरला. खऱ्या पृथ्वीचा हा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ४०,००० ला ९६ ने भागले. उत्तर आले ४१६ आणि वर थोडे. म्हणजे आमच्या गोलावर १ सेंटिमीटर बरोबर सुमारे ४१७ किलोमीटर.

दुसरे मोजमाप : भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ पाहिली. ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. त्याच देशांवरून पृथ्वीगोलावर दोरा ठेवला. तो ३४ सेंटिमीटर भरला. म्हणजे सुमारे १४,२०० किलोमीटर.

तिसरे मोजमाप : आता दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरले आणि दोरा घट्ट ओढला. तेव्हा गंमत झाली. दोरा आपोआप वर, उत्तरेकडे सरकला! तो अफगाणिस्तानवरून, रशियातील मॉस्कोजवळून, स्वीडनवरून, आइसलंडवरून आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला गेला. तो दोरा मोजला. माझ्या फूटपट्टीएवढाच, ३० सेंटिमीटर. म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर.

दोन वाटांत ४ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटरचा फरक पडला. विमानाला तेवढे अंतर जायला जवळजवळ दोन तास लागतात.

असे का होते? पृथ्वी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट आहे. संत्र्याची साल टेबलावर सपाट करायला गेले की ती फाटते किंवा ताणते. नकाशाही तसाच ताणलेला असतो. उत्तर ध्रुवाजवळचे देश त्यात फार रुंद दिसतात. म्हणून नकाशावर जी रेघ सरळ दिसते, ती पृथ्वीवर सर्वांत जवळची असेलच असे नाही. लांबचे अंतर मोजायचे तर पृथ्वीगोल घ्यावा आणि दोरा घ्यावा.

विमान अगदी दोऱ्याच्या वाटेनेच जाते असेही नाही. आकाशालाही हद्द असते. प्रत्येक देश आपल्या आकाशातून कोणाला जाऊ द्यायचे ते ठरवतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा पुष्कळ विमानांना वळसा घालावा लागला. शेजाऱ्याने रानातली वाट अडवली की आपण बांधावरून फिरून जातो, तसेच हे.

३. दोन गावांची दोन घड्याळे

अंतर समजले. आता वेळ.

बाईंनी वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतल्या. एका मुलाने बॅटरी धरली. बॅटरी म्हणजे सूर्य. पृथ्वीगोलावरच्या मुंबईवर उजेड पाडला, तर न्यूयॉर्क अंधारात गेले. गोल हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला, तशी मुंबई अंधारात गेली आणि न्यूयॉर्क उजेडात आले. म्हणजे आपल्याकडे दिवस मावळतो, तेव्हा तिकडे उजाडते.

पृथ्वी २४ तासांत एक फेरी घेते. एका फेरीत ३६० अंश असतात. ३६० भागिले २४, उत्तर १५. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे.

भारताची घड्याळे ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्ताप्रमाणे लावतात. ही रेषा उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. न्यूयॉर्कची घड्याळे ७५ अंश पश्चिम या रेखावृत्ताप्रमाणे लावतात. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे, म्हणून बेरीज करायची.

८२.५ + ७५ = १५७.५ अंश.

१५७ गुणिले ४ म्हणजे ६२८ मिनिटे. अर्ध्या अंशाची २ मिनिटे. एकूण ६३० मिनिटे. ६० ने भागले तर १० तास आणि बाकी ३० मिनिटे.

म्हणजे न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे!

माझा विश्वास बसेना. त्याच दिवशी संध्याकाळी बरोबर ८ वाजता मी अण्णांना आत्याला फोन लावायला सांगितले. विचारले, “आत्या, तुझ्या घड्याळात किती वाजले?” आत्या म्हणाली, “सकाळचे साडेनऊ.” आठ वाजल्यापासून साडेदहा तास मागे मोजा. साडेनऊच येतात. मला इतका आनंद झाला की मी आत्याची तब्येत विचारायचीच विसरले. मग आईने आठवण करून दिली.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा साडेदहा तासांचा फरक हिवाळ्याचा आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडचे लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

४. खरे तास

आता तिकिटाचे कोडे सुटले. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच गावच्या करून घ्याव्यात.

जाताना : न्यूयॉर्कला सकाळचे ७.०० वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतात. रात्री १.३० ते संध्याकाळी ५.३० म्हणजे १६ तास.

येताना : न्यूयॉर्कला दुपारचे १२.०० वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे १०.३० वाजतात. तेथून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत १४ तास.

म्हणजे साडेपाचही नाही आणि साडेचोवीसही नाही. सोळा आणि चौदा.

तरीही दोन तासांचा फरक उरलाच. आमच्या वर्गातील एक मुलगा म्हणाला, “पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपणहून विमानाकडे येत असणार. जातानाच कमी वेळ लागायला पाहिजे.” त्याची शंका चांगली होती. बाईंनी त्याला विचारले, “चालत्या एसटीत तू उभ्याउभ्या उडी मारलीस तर मागच्या बाकावर जाऊन पडतोस का?” तो म्हणाला, “नाही, जागेवरच पडतो.” बाई म्हणाल्या, “कारण तूही एसटीबरोबर पुढे जात असतोस. तसेच पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमानही.”

मग दोन तास कशाचे? ते वाऱ्याचे. जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचे वारे वाहतात. जणू आकाशातली नदीच. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो. अमेरिकेला जाताना हा वारा पुष्कळदा समोरून येतो आणि परत येताना पाठीमागून ढकलतो. आपण सायकलवर वाऱ्याच्या तोंडी जातो तेव्हा पायडल मारून जीव जातो आणि परत येताना सायकल आपोआप पळते. विमानाचेही तसेच.

दोऱ्याच्या अंतराने वेग काढला :

जाताना १२,५०० भागिले १६, म्हणजे ताशी सुमारे ७८१ किलोमीटर.

येताना १२,५०० भागिले १४, म्हणजे ताशी सुमारे ८९३ किलोमीटर.

वळसा घातला तर अंतर याहून जास्त होते, म्हणून हा वेग अंदाजाचा आहे.

हा प्रवास पूर्वी असा सलग नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन लहानसे विमान मुंबईला जुहू येथे आणले. ते वाटेत अहमदाबादला उतरले होते. पुढे १९६० साली एअर इंडियाची विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. तीही वाटेत लंडनला थांबून जात. आता सोळा तास खाली न उतरता उडणारी विमाने आहेत.

५. आजीच्या गोळ्या

आता मी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते.

आजीला रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी तिला दर बारा तासांनी एक गोळी दिली आहे. ती सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला घेते. एक गोळी चुकली तरी तिचे डोके दुखते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मागे एकदा ती अशीच ओट्यावर बसकण मारून बसली होती. तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो.

अण्णांनी आजीला सांगून ठेवले होते, “मुंबईत रात्री नऊला गोळी घे. विमान साडेपाच तासांचे. उतरून घरी गेलीस की तिथे नऊ वाजतील, मग दुसरी घे.” आजीने ते पाठ केले होते.

शाळेत गणित झाले त्या दिवशी मी रात्री जेवताना हे परत ऐकले. माझा घास हातातच राहिला. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे भारताचे संध्याकाळचे साडेसात! रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७.३० म्हणजे साडेबावीस तास. बारा तासांची गोळी साडेबावीस तासांनी!

मी वही आणून अण्णांना दाखवले. अण्णांनी दोनदा गणित करून पाहिले. नंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, मी तिकीट वाचलं, पण घड्याळ न्हाई वाचलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, “औषध तासांवर घ्यायचे, गावच्या घड्याळावर नाही.” त्यांनी माझा तक्ता तपासला. तो असा :

पहिली गोळी : सोमवारी रात्री ९, मुंबईत.

दुसरी गोळी : भारतातील मंगळवार सकाळी ९. तेव्हा आजी विमानातच असेल. विमान सुटल्यावर साडेसात तासांनी.

तिसरी गोळी : भारतातील मंगळवार रात्री ९. तेव्हा न्यूयॉर्कला मंगळवार सकाळचे १०.३० असतील.

पुढे तिकडे रोज सकाळी १०.३० आणि रात्री १०.३०.

(ज्यांच्या घरी कोणी औषध घेत असेल, त्यांनी प्रवासाआधी आपल्याच डॉक्टरांना विचारावे. प्रत्येकाचे औषध वेगळे असते.)

आजोबा आता नाहीत, पण त्यांचे एचएमटीचे घड्याळ आहे. ते चावीचे आहे. आम्ही आजीला सांगितले, “हे भारताच्या वेळेवरच ठेव. अजिबात बदलू नकोस. काटा नवावर आला की गोळी.” गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवल्या नाहीत, कारण ती बॅग विमानाच्या पोटात जाते आणि उतरेपर्यंत मिळत नाही. त्या आजीच्या हातातल्या पिशवीत ठेवल्या.

आणखी एक चूक होता होता राहिली. तिकिटावर मंगळवार, १.३० अशी वेळ होती. शेजारचे काका म्हणाले, “म्हणजे मंगळवारी रात्री जायचे.” पण रात्री बारानंतर तारीख बदलते. मंगळवार १.३० म्हणजे आपण ज्याला सोमवारची रात्र म्हणतो ती. म्हणून आम्ही सोमवारी पहाटेच्या एसटीने निघालो. मंगळवारी रात्री गेलो असतो तर विमान आदल्या रात्रीच निघून गेले असते.

६. आजीचा फोन

मंगळवारी मी शाळेत आले नव्हते. मुंबईला मामांच्या घरी होते. सकाळी ९ वाजता मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. आजी आता कुठे असेल? घड्याळाकडे बघितले असेल का? आई म्हणाली, “तू बघून काय गोळी गिळणार आहेस?” पण तिचेही लक्ष घड्याळाकडेच होते.

संध्याकाळी साडेपाच वाजून गेले. सात वाजून गेले. तरी फोन आला नाही. विमानातून उतरल्यावर कागदपत्रे तपासतात, बॅगा घेतात, त्यात वेळ जातो, हे आम्हांला माहीत नव्हते. मला वाटले, माझे गणित चुकले.

मग फोन वाजला. आजीच होती. म्हणाली, “पोचले गं. नवाच्या ठोक्याला गोळी घेतली इमानात. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. डोकं कसं हलकं हाय. पर एक सांग, रात सरंचना की गं! झोपले, उठले, जेवले, परत झोपले, तरी भाईर अंधारच!”

मला त्याचेही कारण सांगता आले. आजी पश्चिमेला चालली होती. सूर्य उगवण्याच्या आधी ती पुढे पुढे पळत होती. मुंबईहून ती अंधारात निघाली आणि न्यूयॉर्कला उजाडायच्या सुमारास उतरली. तिच्या रात्रीला घड्याळाचे साडेदहा तास जास्तीचे मिळाले.

चार दिवसांनी आत्याला मुलगी झाली. आमच्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. दोन्हीकडे तारीख मात्र एकच होती. बरे झाले, नाहीतर वाढदिवस कधी करायचा यावरून भांडण झाले असते.

आजी फेब्रुवारीत परत येणार आहे. न्यूयॉर्कहून रविवारी दुपारी निघेल आणि सोमवारी दुपारी मुंबईला पोहोचेल. तिकिटावर साडेचोवीस तास दिसतील, पण खरे तास चौदाच आहेत. जातानाही तिने ते एचएमटी घड्याळ बदलले नव्हते, त्यामुळे येताना तिला काहीच बदलावे लागणार नाही.

तुम्ही सोडवा

१. आपल्या शाळेची घंटा सकाळी ११ वाजता होते. हिवाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कला किती वाजलेले असतात?

२. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मुंबईहून विमान रात्री २.३० ला निघाले आणि लंडनला सकाळी ७ ला पोहोचले. खरे तास किती? अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, तर वेग किती?

३. पृथ्वीगोलावर सिंगापूर ते न्यूयॉर्क दोरा ओढून मोजा. तो आजीच्या वाटेपेक्षा किती सेंटिमीटर जास्त भरतो? त्याचे किलोमीटर करा.

लाल दोरा बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. मोजून झाल्यावर तो परत तिथेच ठेवावा, कारण आजीने तो परत मागितला आहे. उत्तरे कागदावर लिहून माझ्याकडे द्यावीत. माझे काही चुकले असेल तर तेही सांगावे. मी पुन्हा गणित करून पाहीन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी